उभ्या उभ्या केलेली तपासणी

प्रिय खारूताई,

हा मायना वाचून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पन्नाशीला टेकलेल्या, दोन लेकींच्या आईला कुणी खारूताई म्हणतं का? पण मी 'सौभाग्यवती'पासून सुरुवात केली असती, तर वकिलाची नोटीस समजून तू हे पत्र न उघडताच ड्रॉवरमध्ये सारलं असतंस. फोन तू उचलत नाहीस, त्याला आता सव्वातीन महिने झाले. नको उचलूस. तुझ्या जागी मी असतो तर नंबरच पुसून टाकला असता. पत्राचं एक बरं असतं, लिहिणाऱ्याला समोरच्याचा चेहरा पाहावा लागत नाही. भित्र्या माणसांसाठी इतकी सोयीची गोष्ट दुसरी नाही.

परवा काकू येऊन गेल्या. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, असं सांगत तिन्ही मजले चढून आल्या आणि बसल्याबसल्या जुनंच पालुपद लावलं: सख्ख्या मुलीने आईला परक्यांच्या हवाली केलं आणि वर्ष-सव्वा वर्षात आई गेली. मी चहा गाळत होतो. गाळतच राहिलो. चहा किती वेळ गाळता येतो, याचा उच्चांक त्या दिवशी माझ्या नावावर जमा झाला असेल. तुझ्याकडे आई सहा वर्षं होती, तू नोकरी सांभाळून तिला उठवलंस, बसवलंस, न्हाऊ घातलंस, हे मला सांगता आलं असतं. त्या सहा वर्षांत माझ्याकडे दोन खोल्या होत्या आणि सोळा सबबी, हेही सांगता आलं असतं. मी विचारलं, साखर किती घालू?

दवाखान्यातला तो व्हरांडा मला रोज आठवतो. आई दुपारी तीनला वृद्धनिवासातल्या आपल्या खोलीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि पन्नास मिनिटं कुणाला पत्ता नव्हता. पुढे दवाखान्यात अकरा दिवस, आणि मग ती गेली. त्यातल्या चौथ्या दिवशी काकूंच्या देखत, परिचारिकेच्या देखत, मी तुला म्हणालो, "हे ठिकाण तूच निवडलंस." तू माझ्याकडे एकदा पाहिलंस, पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलंस आणि आत निघून गेलीस. एका वाक्यात तू माझं तोंड बंद करू शकली असतीस. ते वाक्य आपल्या दोघांनाच ठाऊक होतं. तू ते गिळलंस.

हे गिळणं, लपवणं तुझं लहानपणापासूनचं. बाबांच्या चष्म्यावर मी बसलो होतो, आठवतं? काच फुटली, दांडी वाकली, आणि मी चौथीतल्या विद्वानाला शोभेल अशा शांतपणे पाढे म्हणायला बसलो. तू पाच वर्षांची. तुकडे उचललेस आणि आपल्या पेन्सिलींच्या डब्यात, खार जशी बी पुरते तसे, तळाशी दडवलेस. डबा सापडला तेव्हा बोलणी तूच खाल्लीस. तेव्हापासून तू खारूताई. नाव ठेवणारा मी, हेही लक्षात घेण्यासारखं आहे.

आता माझ्या धंद्याबद्दल. तुझ्या मुली विचारतात ना, मामा नेमकं करतो काय? सांग त्यांना, मामा एकोणीस वर्षं सरकारी खात्याच्या वतीने वृद्धनिवास तपासतो. एकशे अठरा प्रश्नांचा एक तक्ता असतो. फरशी घसरडी आहे का, औषधांच्या कपाटाला कुलूप आहे का, आजचं जेवण फळ्यावर लिहिलंय का. एक रकाना चक्क आपुलकीचाही आहे, एक ते पाच. आपुलकीला मी शक्यतो चार देतो. पाच दिले तर वरिष्ठांना संशय येतो, आणि तीन दिले तर कारण लिहावं लागतं. बाबांनी घोकून घेतलेला स्थालीपुलाकन्याय या नोकरीत मला फार कामाला आला. तू तेव्हा पेंगायचीस, म्हणून पुन्हा सांगतो: भांड्यातलं एक शीत चेपून पाहावं, शिजलं असेल तर सगळा भात शिजला. मी आयुष्यभर हेच केलं. एका खोलीत शिरायचं, पलंगाशी लोंबणारी दोरी धरायची, टोकाचं लाल बटण दाबायचं आणि घड्याळ लावायचं. सेविका किती सेकंदांत येते, त्यावर गुण. मग घंटांची वही पाहायची. ज्या खोलीतून घंटा कमी, तो रहिवासी समाधानी. खात्याचं हे सूत्र आहे आणि ते लिहिणाऱ्या समितीत मीही होतो.

आई ज्या निवासात राहायला गेली, तिथे मी त्याच्या वर्षभर आधी तपासणीला गेलो होतो. बाग होती, माशांची काचेची पेटी होती, व्यवस्थापक इतका हसरा की त्याचे दातही तक्त्यात मोजावेसे वाटले. मी बारा नंबरच्या खोलीत बटण दाबलं. अडतिसाव्या सेकंदाला सेविका हजर. शंभरपैकी चौऱ्याण्णव गुण दिले आणि खाली लफ्फेदार सही केली. पुढल्या वर्षी तुझा फोन आला. आईला आता चोवीस तास माणूस हवं, तीन ठिकाणं पाहिली, एकाच्या अहवालावर तुझी सही आहे, भरवसा ठेवू का, असं तू विचारलंस. मी ऑफिसातल्या खुर्चीत मागे रेललो होतो. म्हणालो, "माझ्यावर नको, माझ्या सहीवर ठेव." केवढा खूश झालो होतो मी या वाक्यावर. व्हरांड्यात तू गिळलंस ते हेच.

तीन आठवड्यांपूर्वी आईचं सामान आणायला मी तिथे गेलो. तुला जाववलं नाही, ते बरंच झालं. एक ट्रंक, दोन शाली, चष्मा, तुझ्या मुलींचा फोटो आणि तिचा तो कानतुटका कप. खोली तीच, बारा नंबर. कागद तयार व्हायला अर्धा तास लागेल म्हणाले. खोलीत खुर्ची एकच, तिच्यावर ट्रंक ठेवलेली. मी पलंगावर बसलो, आणि बसल्यावर पाठ दुखायला लागली म्हणून आडवा झालो. खारूताई, एकोणीस वर्षांत शेकडो पलंग तपासले असतील मी. गाद्या दाबून पाहिल्या, चादरी हुंगल्या, एकदा तर पायांचे स्क्रूही मोजले. त्यांतल्या एकावरही कधी आडवा झालो नव्हतो.

आडवं झाल्यावर मी सवयीने हात वर केला. दोरी हाताला लागेना. मान वळवून पाहिलं, तर ती भिंतीतल्या खिळ्याला दोन वेढे देऊन वर अडकवलेली होती, आणि लाल बटण माझ्या हातापासून वीतभर उंच. मी उठलो आणि उभा राहिलो. बटण बरोबर माझ्या छातीशी आलं, दाबायला अगदी सोयीचं. पुन्हा आडवा झालो, पुन्हा वीतभर दूर. माझे हात आईपेक्षा लांब आहेत, हे तुला सांगायला नको.

तेवढ्यात सेविका आली. आईने तिला 'वादळ' नाव ठेवलं होतं म्हणे, चालते तशीच. साहेब पलंगावर लोळतायत हे पाहून ती दारातच थबकली. मी दोरीकडे बोट दाखवून, अगदी चढ्या आवाजात, ही केव्हापासून बांधलीत, असं विचारलं. मनात चौकशीचा मसुदा तयार होत होता: तपासणीच्या दिवशी खाली सोडायची, एरवी बांधायची, अशी ही लबाडी. ती घाबरली नाही. दमलेली माणसं सहसा घाबरत नाहीत. म्हणाली, "कितीतरी वर्षं वरच असते, साहेब. तुम्ही तपासायला आला होता, तेव्हाही वरच होती. तुम्ही उभे होतात ना."

मग तिने सगळं सांगितलं. बत्तीस खोल्या आणि दुपारी दोन सेविका. काही जण दर पाच मिनिटांनी घंटा वाजवायचे, म्हणून वरून हुकूम आला, दोऱ्या गुंडाळा. घंटा थांबल्या, वही कोरी झाली, गुण वाढले. कुणी काही लपवलंच नव्हतं गं. सगळं माझ्या डोळ्यांसमोर, खिळ्याला टांगलेलं होतं. मी भात चेपून पाहिला तो वरचा, उभ्या माणसाच्या हाताला लागणारा. वाटतं, चोर निघाले असते तर बरं झालं असतं. मला एक शत्रू तरी मिळाला असता.

मी तिला विचारलं, आजींनी कधी तक्रार केली नाही? केली असती तर तुझ्या कानावर आली असती, हे मला माहीत होतं. तरी विचारलं. ती ट्रंकेचा पट्टा बांधत होती, खाली मान घालूनच म्हणाली, "मी दोनदा म्हटलं, आजी, ऑफिसात सांगा, तुमचं ऐकतील. तर म्हणाल्या, 'नको गं. खाली माझ्या मुलाची सही आहे.'"

खाली म्हणजे दर्शनी खोलीत. तिथे माझा अहवाल चौकटीत घालून टांगलाय, चौऱ्याण्णव गुण सोनेरी अक्षरांत. वादळ सांगत होती, रोज सकाळी वॉकर टेकत आई तिथवर जायची. दाराच्या हादऱ्याने चौकट तिरकी होते, ती सरळ करायची, आणि नवं कुणी आलं की सहीवर बोट ठेवून दाखवायची. त्या दुपारी तिला पाणी हवं होतं. फक्त पाणी. पाण्याचा जग दाराजवळच्या टेबलावर होता. तिने हात वर केला असेल, दोरी लागली नसेल, आणि मग ती आपली आपण उठली. मुलाचे गुण कमी होऊ नयेत म्हणून ही बाई वर्षभर कुणाला हाक न मारता राहिली, आणि घंटांच्या वहीत तिच्या नावापुढे कोरी पानं आहेत. माझ्या सूत्राप्रमाणे त्या निवासातली सर्वांत समाधानी रहिवासी ती होती.

हे एवढं लांबण लावण्याचं कारण आता सांगतो. काल मी खात्याला लेखी कळवलं की तो अहवाल माझ्या हातून चुकीचा झाला आहे आणि त्याच सहीच्या भरवशावर माझी आई तिथे ठेवली गेली. चौकशी बसेल. मृताची जवळची नातेवाईक म्हणून पुढच्या आठवड्यात तुला बोलावणं येईल आणि विचारतील, हे ठिकाण कुणाच्या सांगण्यावरून निवडलं? तुला मी ओळखतो. तू पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट लावशील आणि म्हणशील, माझं मीच निवडलं. ते करू नकोस. हा चष्मा डब्यात दडवू नकोस, खारूताई. माझं पूर्ण नाव घे, हुद्द्यासकट, आणि फोनवरचं ते वाक्य शब्दशः सांग. काकूंना या पत्राची नक्कल आजच पाठवतो आहे, त्यांच्यापुढे तरी चहा गाळत बसायची वेळ माझ्यावर पुन्हा येऊ नये. मला माफ कर असं मी म्हणणार नाही, तेही तुझ्याच डोक्यावर एक काम टाकल्यासारखं होईल. निघताना मी व्यवस्थापकाला म्हणालो, निदान ती चौकट तरी काढा. तो हसला. म्हणाला, मुदत संपायला अजून सात महिने आहेत, तोवर नियमाने ती लावावीच लागते. नियम बरोबर आहे, मीच लिहिलाय. त्यामुळे माझी सही अजून तिथेच आहे, भिंतीवर, थोडी तिरकी. सरळ करायला आता कुणी नाही.

अजून म्हणू देणार असशील तर,
तुझाच,
दादा