खळ्यातली सळी

१२ एप्रिल, मसुरे
दोन घरांमधल्या सामाईक खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, मधोमध सहा फुटी सळी रोवली. ओळंबा लावून सरळ केली. वाचनालयातलं पुस्तक म्हणतं, माणसाला आकाश कळायला सुरुवात झाली ती अशीच. दुर्बीण नाही, काही नाही. एक काठी नि तिची सावली. त्यावरून दिशा सापडल्या, वर्ष सापडलं. मुलांना जन्मभर शिकवलं, स्वतः कधी करून पाहिलं नाही. बाराच्या ठोक्याला सावलीच्या टोकावर खिळा मारला.

१४ एप्रिल
बाराला सावली उत्तरेला हवी, ती वायव्येला. सळी कोणीतरी हलवली. कोणीतरी म्हणजे कोण? दक्षिणेकडचं घर अनंतदादाचं (चुलतभाऊ). सकाळपासून दोनदा पायरीवर येऊन उभा राहिला. सळीकडे बघून आत गेला.

१५
सळी सरळच आहे. घड्याळ देशाचं, सूर्य मसुऱ्याचा. इथली खरी दुपार बारा पस्तीसला. दादाला मनातल्या मनात चोर ठरवून मोकळा झालो होतो. लाज वाटली. थोडी.

२०
दादा बोलला. "ह्यो जमिनीच्या मोजणीचो खुटो मा?" म्हटलं, सूर्यासाठी आहे. पूर्वी एकाने दोन गावांतल्या सावल्यांवरून पृथ्वीचा घेर काढला, तेही सांगितलं. तर म्हणतो, "पृथ्वी मोजणारो आमचां खळां सोडतलो?"
वहिनीकडून दर रविवारी येणारं बांगड्याचं तिखलं आलं नाही.

२६
खिळे रोज थोडे थोडे सळीकडे सरकताहेत. रांग झकास दिसते.
आणखी एक. दादा माडांना पाणी लावायला गेला, तेव्हा सळीपासून त्याच्या पायरीपर्यंत टेप धरली. सूर्याचा त्या मापाशी काही संबंध नाही. आकडा इथे लिहीत नाही.

५ मे
बारा तेहतीस; खरी दुपार आता दोन मिनिटं अलीकडे आली आहे. सळीला सावलीच नाही. सूर्य बरोबर डोक्यावर. दादा पायरीवरून उतरून आला. "गेली?" "गेली." दोघेही बघत राहिलो. बरं वाटलं.
मग म्हणाला, "आता खुटो काढ." म्हटलं, आता सावली दक्षिणेला पडणार, जूनपर्यंत वाढत जाणार. दक्षिण म्हणजे त्याची बाजू. "शरद, आमच्या बाजूक खिळो मारूचो नाय."

७
नाही मारला. नोंद तुटली. सूर्य फिरताना दिसतो, पण फिरते ती पृथ्वी, हे कळायला माणसाला किती पिढ्या लागल्या. आपल्याच डोळ्यांवर संशय घेतला, तेव्हा कळलं. आम्हाला संशयाला भाऊच सापडतो. त्याने बोलणं टाकलं तर या वाडीत मला दुसरं कोण आहे?

९
काल दिवसभर मालवणला होतो. आज दुपारी बघतो तर सळीच्या दक्षिणेला एक खिळा. जाड, गंजलेला. माझा नव्हे; हातोडी दादाच्या पायरीवर. आजची सावली त्याच्यापुढे नखभर गेली. म्हणजे काल बरोबर बारा तेहतीसला दादा इथे उन्हात उभा होता.
माझी नोंद राखली, की इथवरच म्हणून हद्द घातली? विचारायचा धीर झाला नाही. उद्या सावली आणखी पुढे जाणार. त्याच्या पायरीवर हातोडी अजून आहे.