निम्म्या काट्यावरचा फोटो

रहिमतपूर, ४ डिसेंबर १९७४
सगळं बदललं ते आज दुपारी — विजयमाला स्टुडिओत आली तेव्हा! मी सांगलीचं कॉलेज सोडल्यापासून वर्षभर दिसली नव्हती. सोबत तिची आत्या हरणाबाई. "स्थळाकडं धाडायचा फोटो हाय. झ्याक काढ रं पोरा. तासगावचं बेदाण्याचं घर हाय!"

बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

फ्लॅशची वीज साठवणारा कंडेन्सर भरू लागला. मीच बसवलेल्या मीटरचा काटा चढत होता. पुरा भरायला पाचशे व्होल्ट लागतात. काटा अडीचशेवर आला — आणि दाबलं बटण. मुद्दाम! व्होल्टेज निम्मं की ऊर्जा निम्मी राहत नाही, चौथाई राहते. सांगलीत भर वर्गात मी ‘निम्मी’ म्हणालो होतो. सगळे हसले. सर म्हणाले, "गावाकडं जा, म्हशी राख." मी डस्टर भिरकावला आणि निघालो, तो कायमचा. एकटी विजयमाला हसली नव्हती.

५ डिसेंबर
फोटो काळाकुट्ट. मालक कुतुबुद्दीनचाचा म्हणाले, "नाथा, काटा बघत न्हाईस व्हय रं?" मी मीटरची काच पुसत राहिलो.

७ डिसेंबर
आत्या तणतणली. "पोरगी माझी गव्हावाणी, आन् ह्यो काय कोळसा! परत काढ." चाचा शेजारीच उभे — आता पुरा भरावा लागणार!

तेवढ्यात विजयमाला म्हणाली, "असू दे आत्या. हाच पाठवू." मग हळूच मला, "काटा निम्म्यावर होता. मी बघितला. उजेड चौथाईच पडणार की!"

कळलंय तिला! तरीही — हाच पाठवू!

१० डिसेंबर
दिवसभर स्टुडिओतच. चाचा जेवायला बोलावत होते, गेलो नाही. फ्लॅश भरतो, त्याची बारीक शिट्टी ऐकत बसतो, सोडतो. भिंत पांढरी होते. मग परत नुसती खोली.

१२ डिसेंबर
नकार का येत नाही अजून?

१७ डिसेंबर
पसंती आली. त्याच फोटोवर! आत्या पेढे घेऊन आली. "रंगाचं कायबी म्हणाली न्हाईत ती माणसं. पोराला डोळं लय आवडलं." रविवारी साखरपुडा. चाचा म्हणतात, फोटोला तूच जा.

फोटोची जवळची प्रत पुन्हा उजेडात धरली. ती कॅमेऱ्याकडं बघतच नाही. थोडं वर बघते — मी उभा होतो तिथं.

आणि मी? एक शब्द बोललो नाही. सगळं त्या फोटोवर सोडलं! आता तिलाच विचारतो — माझ्याशी लग्न करशील का? फ्लॅश राहू दे टेबलावर. चपला घातल्या. दार ओढून घेतो.