हिरवी म्हैस

५ जानेवारी, सोमवार

शेंद्र्याची बस चुकली. ऑफिसात पोचले तर मोबाईलच्या पेटीला कुलूप, वॉचमनकाका कुरकुरतच उघडायला आले. आमच्या खोलीत मोबाईल न्यायचा नाही, कारण पडद्यावर लष्कराच्या गाड्या आहेत. गाड्या कसल्या, ठिपके. निघायला तयार ती हिरवी, काम चालू ती पिवळी, बंद ती लाल. ते रंग मी लावते. आईला वाटतं लेक देश सांभाळते.

प्रवीण सर आज खुशीत. उत्तरेकडच्या वर्कशॉपच्या जवळजवळ सगळ्या गाड्या हिरव्या. "मोठ्या साहेबांना हेच बघायचंय, वैशाली."

त्यातली एक गजूची. धाकटा भाऊ तिथं ड्रायव्हर आहे हे इथं कुणालाच सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर हे काम दुसऱ्याकडं गेलं असतं. गाडीचा नंबर तो सुट्टीत बढाई मारताना बोलून गेला होता, शेवटचे आकडे अण्णांच्या जुन्या मोटारसायकलचे म्हणून. गाडीला तो म्हैस म्हणतो. म्हैस हिरवी. बरं वाटलं.

८ जाने., गुरुवार

गजूचा फोन.

"ताई, हात लई दुखायलेत."

का रे?

"म्हशीला ढकललं. थंडीत उठंनाच. बॅटरीत जीव नाय तिच्या. चौघं लागलो तवा कुठं सुरू झाली."

मग लगेच, "कुनाला बोलू नको हां. फोनवर गाडीचं बोलायचं नसतंय."

कधीपासून असं? "दिवाळीपासून."

दिवाळीपासून म्हैस माझ्या पडद्यावर हिरवीगार. ताटातलं तसंच उरलं. आई म्हणे, ऑफिसात काय खाऊन आलीस.

११ जाने., रविवार

पाण्याचा दिवस. एकदाचा नळ आला आणि नेमकी आमची मोटर जळालेली. शेजारच्या नसीम खालांची आणली. गल्लीत हे नेहमीचंच. त्यांची टाकी भरली की मोटर आमच्याकडं, आमची भरली की वरच्या मजल्यावर. खाला जिन्यातून ओरडत होत्या, "ले जा बेटा, मेरा हो गया! ऊपर वालों को बोल, वैशाली के बाद तुम."

मोटरीच्या मागोमाग कुणी घरोघर बघायला आलं असतं, तर प्रत्येक घरात मोटर चालू दिसली असती. पाइप हातात धरून तशीच उभी राहिले. टाकी वाहायला लागली. आईच्या शिव्या खाल्ल्या.

१२ जाने., सोमवार

तेच निघालं.

तपासणीच्या वेळी वर्कशॉपवाले बॅटरीचा नंबरही भरतात. तो रकाना पडद्यावर आणायचं कधी कुणाला सुचलं नव्हतं. आज मी आणला. एकच चांगली बॅटरी सकाळी या गाडीत, दुपारी त्या गाडीत, दुसऱ्या दिवशी म्हशीत. तपासणी झाली, ठिपका हिरवा झाला, की बॅटरी काढून पुढच्या गाडीला. आणि एकदा हिरवी झालेली गाडी पुढच्या तपासणीपर्यंत हिरवीच राहते. उसनी मोटर, टाक्या सगळ्यांच्या भरलेल्या!

नवीन पान बनवलं. निम्म्या गाड्या लाल. सरांनी बघितलं आणि आधी दार लावून घेतलं.

"लपव ते. याच महिन्यात आपल्या कंपनीचं लष्कराकडचं कंत्राट पुढं चालू ठेवायचं ठरतंय. आणि तुला मुळात शंका आली कशी?"

काय सांगू? नसीम खालांची मोटर? का गजूचा फोन? त्याचं नाव निघालं की पहिली चौकशी त्याचीच. फोनवर गाडीचं का बोललास म्हणून. बोलले तर तो अडकतो. गप्प बसले तर तीच गाडी घेऊन तो...

पान लपवलं.

१४ जाने., संक्रांत

त्या वर्कशॉपच्या सुभेदार साहेबांशी दर बुधवारी पडद्यावर बोलणं होतं. माणूस आपल्या खुलताबादचा. सर चहाला उठले तसे साहेब हिंदीवरून मराठीवर आले. "तिळगूळ घ्या म्हना की मॅडम."

तिळगूळ राहिला बाजूला, मी विचारलंच. बॅटऱ्या फिरवता का?

साहेबांनी मागं वळून दाराकडं बघितलं. मग म्हणाले, "व्हय, फिरवतो. काय करू सांगा. लाल दाखवली की वरून इचारतेत, गाड्या सांभाळता येत नाय का? हिरवी दाखवली की नव्या बॅटऱ्या येत नाय, सगळं चालू तर हाय म्हनतेत. तुमच्या पडद्यानं दोन्हीकडून धरलंय आम्हाला."

चिडायचं ठरवून बसले होते, चिडता येईना. ते अडकलेत, सर अडकलेत, मी अडकलेय. पण गाडी घेऊन बर्फाच्या घाटात आमच्यापैकी कुणीच जाणार नाही. जाणार गजू.

१६ जाने., शुक्रवार

सोमवारी सरावासाठी ताफा निघणार. गाड्या हिरव्यांतूनच निवडल्यात. म्हैस आहे.

घरी आई गजूशी फोनवर. "बर्फाचे फोटो काढ रे भरपूर." मी नुसतं स्वेटर घाल म्हटलं. दुसरं काही बोलता येत नव्हतं. मोरीत जाऊन रडले.

१७ जाने., शनिवार

लपवलेलं पान उघडायची छाती झाली नाही. पण एखाद्या गाडीची फेरतपासणी मागता येते, तेवढा अधिकार मला आहे. एका गाडीवर खूण केली. एकाच. म्हैस लाल झाली.

सर हसून म्हणाले, "असू दे, एखादी लाल असली की खरं वाटतं." मीही हसले. स्वतःची लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं.

१९ जाने., सोमवार

सकाळी म्हैस परत हिरवी. जेवणाच्या सुट्टीत पेटीतून मोबाईल काढून बाहेर धावले. तेवढ्यात गजूचाच फोन.

"ताई, एका झटक्यात उठली म्हैस! वरून कुनीतरी लाल केलती म्हनं. लगेच चांगली बॅटरी दिली."

कुठून आणली?

"पवनच्या गाडीची काढली की. त्याला आमची जुनी बसवली. माझ्या मागंच हाय तो. म्हनला, घाटात बसलो तर वढून घे भावा." हसत होता. "निघतो आता."

पवन कोण, कुठला, विचारायच्या आत रेंज गेली.

दुपारभर पडद्यासमोर बसले. सगळे ठिपके हिरवे. यातली पवनची गाडी कुठली, मला माहीत नाही. म्हशीतली बॅटरी आधी कुठल्या गाडीत होती ते लपवलेल्या पानावर दिसेल. ते उघडलं की माझ्या नावासकट सगळ्यांच्या पडद्यावर येतं, वरच्या साहेबांच्यासुद्धा. सर दिवस मावळेपर्यंत माझ्या मागंच उभे होते.

घरी आल्यापासून आई विचारतेय, गजू निघाला ना नीट? निघाला म्हटलं. वाटेत दोन मुक्काम आहेत, घाट त्यानंतर.

सर दहाला येतात. उद्या पहिली बस चुकवायची नाही.