सगळे एक जूनचे

पंचवटी, नाशिक
रविवार, १४ जुलै १९८५

तीर्थरूप ताईस,
निवृत्तीचा सविनय जयभीम.

अकरा वर्षांनी पत्र लिहितो आहे. मधल्या काळात दाजींच्या आजारपणाची, तुझ्या सिंधूच्या लग्नाची बातमी कानावर आली, तरी चार ओळी टाकल्या नाहीत. माफ कर. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होतो, पण वेळ होता.

इकडे सर्व ठीक. मंगलाचे गुडघे दुखतात. मी पाच वर्षांपासून शहरातल्या शाळेत आहे. विशाखा एम.एस्सी. झाली, वनस्पतिशास्त्रात पहिली आली. द्राक्षवेलीच्या रोगांवर पुढचा अभ्यास करायला अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने तिला बोलावलं आहे, तेही फी माफ करून. सव्वीस ऑगस्टला तिथे हजर व्हायचं आहे. पासपोर्ट आला, पण व्हिसा अडला. तिच्या जन्मतारखेच्या दाखल्यावरून अडला.

सहज विचारतो, जूनमध्ये दाजी मुंबईला गेले होते का? आमच्या शाळेतला शिपाई तुमच्या पेठचा आहे. त्याला ते एस.टी.त भेटले, काखेत फाइल होती म्हणे. आणि विशाखाची चौकशी करायला तुमच्याकडे कुणी आलं होतं का? किंवा तुमच्याकडून कुणी कुठे काही लिहिलं का? तिचा जन्म तुमच्या घरातला, म्हणून विचारलं.

वरचा परिच्छेद आत्ता पुन्हा वाचला. त्यातला ‘सहज’ खोटा आहे. खोडत नाही, राहू दे.

झालं ते असं. चोवीस जूनला विशाखा मुंबईला वकिलातीत मुलाखतीला गेली. तिथला अधिकारी कागद चाळत होता. मध्येच थांबला आणि म्हणाला, “वडील एक जून, आई एक जून, तुम्ही एक जून. तुमच्याकडे इतर दिवशी मुलं जन्मत नाहीत का?” विशाखा हसली. म्हणाली, “साहेब, आमच्या वर्गात एकतीस मुलं होती, त्यातली एकोणीस एक जूनची.”

तो हसला नाही. त्याला आपल्याकडची पद्धत काय ठाऊक? आई सांगणार, बाजरी काढणीला झाला. बाप सांगणार, पुराच्या साली. मास्तर एक जून टाकून मोकळे, म्हणजे शाळा उघडताना सहा वर्षं पुरी. माझी तारीख अशीच पडली, मंगलाचीही. मी मास्तर झाल्यावर शेकडो पोरांना तीच दिली.

मग त्याने विचारलं, “ही तारीख शाळेत लिहिली कुणी?” विशाखा म्हणाली, “माझ्या वडिलांनी.” “आणि ती खरी आहे?” “हो.” त्याने पासपोर्ट ठेवून घेतला. जन्माच्या वेळी हजर असलेल्या माणसाचं शपथपत्र पंचवीस जुलैच्या आत आणा, मग बघू, असं सांगून तिला परत पाठवलं.

ताई, त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. मुंबईत बसलेल्या परक्या माणसाला नेमका हाच प्रश्न कसा सुचला? कुणीतरी कळवलं असणार. विशाखाची खरी तारीख ठाऊक असलेली माणसं मी तीनच धरली. मी, मंगला आणि तू.

तुला आठवत असेल. अडुसष्ट साली मी तिला पहिलीत घालत होतो, तेव्हा तू आमच्याकडे आली होतीस. सहा वर्षं पुरी व्हायला तीन महिने कमी होते. मी रजिस्टरमध्ये लिहिताना तू म्हणालीस, “मास्तर झाला ना तू? मग खोटं कशाला लिव्हतो? तीन म्हयन्यांनी काय पोरीचं शिक्षण बुडतंय?” मी म्हणालो, “वर्ष जातं, ताई.” बाकीच्या पोरांच्या तारखा कुणालाच माहीत नव्हत्या, म्हणून मी एक जून लिहीत होतो. हिची मला माहीत होती. माझ्या बासष्टच्या रोजनिशीत आहे : रविवार, ९ सप्टेंबर, पेठहून निरोप, मुलगी झाली.

पुढे चौऱ्याहत्तरला निनावी अर्ज झाला. हा शिक्षक तारखा फिरवतो, स्वतःच्या मुलीचीही फिरवली. चौकशी झाली आणि माझी सुरगाण्याला बदली झाली. तिकडे जाताना मी तुझ्या दारात उतरलो आणि तुझ्या सासूबाईंसमोर, दाजींच्या कचेरीतल्या दोघांसमोर तुला चहाडखोर म्हणालो. तू एवढंच म्हणालीस, “पाणी पिऊन जा.” मी प्यालो नाही.

या वेळीही घरात मी तुझंच नाव घेतलं. मंगला भडकली.

“परत ताई? दुसरं कुणी सुचतच नाही का हो तुम्हाला?”

“मग त्याला सांगितलं कुणी?”

विशाखाने फाइल माझ्यापुढे टाकली. “नाना, सांगायला कशाला हवं कुणी? हा शाळेच्या रजिस्टरचा उतारा. वडिलांचं नाव बघा, खाली वर्गशिक्षकाची सही बघा. माणूस एकच. इंग्रजी भाषांतरसुद्धा तुम्हीच करून जोडलंय.”

तो उतारा कुणी मागितला नव्हता. कागद पुरे असावेत म्हणून मी होऊन जोडला होता.

आता उरलेलं लिहितो. तीनदा उठून पाणी प्यालो, तरी लिहावंच लागणार.

चौऱ्याहत्तरचा अर्ज तुझा नव्हता, हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे. तेव्हा माझ्यासोबत शिकवणारा गोटीराम निवृत्त झाला, त्या दिवशी निरोपाच्या चहानंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, “निवृत्ती, तो अर्ज माझा. तुझी जागा पाहिजे व्हती मला. लय जुनं झालं, सोडून दे.” मी विचारलं, “पोरीची तारीख तुला कुठून कळली?” तो म्हणाला, “तूच सांगितली व्हती की. पोरगी तीन म्हयने लहान असून पहिली आली म्हणून फुशारकी मारत व्हता.”

दोन वर्षं मी हे पोटात ठेवून हिंडलो. चूक कळल्यावर लगेच कबूल करतो, अशी माझी स्वतःबद्दल समजूत होती. ती समजूतही तपासून बघायला हवी होती. तुझ्यावरचा संशय खोटा ठरूनही, या जूनमध्ये तो मी दुसऱ्यांदा घेतला. कदाचित तुझ्यावर संशय असला की माझ्या हस्ताक्षराकडे बघावं लागत नाही.

व्हिसा सुरळीत मिळाला असता तर हे पत्र लिहिलं असतं का? नसतं. काम पडलं म्हणून भावाला बहीण आठवली, असं तुला वाटेल. बरोबर वाटेल.

काम काय, तेही सांगतो. इथल्या वकिलांनी शपथपत्र टाइप करून दिलं आहे. मी, यशोदाबाई सहादू गांगुर्डे, राहणार पेठ, शपथेवर सांगते की मुलीचा जन्म माझ्या घरी, माझ्यासमक्ष, एक जून बासष्ट रोजी झाला. “सहीपुरतंच काम आहे गुरुजी,” वकील म्हणाले. “तिथे कोण बघायला येतंय?” हे पत्र त्या कागदासोबत पाठवायचं म्हणूनच मी लिहायला बसलो होतो. तू न केलेल्या गोष्टीसाठी तुला खोटी ठरवलं, आणि आता तुझ्याकडूनच शपथेवर खोटं लिहून घेणार होतो.

कागद यासोबत पाठवत नाही. दुसरं कुणी घेऊन आलं, अगदी मंगला आली, तरी सही करू नकोस.

विशाखाला खऱ्या तारखेबद्दल काही माहीत नाही. त्या अधिकाऱ्याला ‘हो’ म्हणाली, ते खरं समजून म्हणाली. काल मला विचारत होती, “तेव्हा आत्याच होती ना? जुन्या भांडणापायी थांबलात का, नाना? मी जाऊ का पेठला?” मी ‘बघतो’ म्हणालो. खरी तारीख पुढे आली तर शाळेचा दाखला, पासपोर्ट, सगळंच उलटं पडेल. व्हिसा जाईल, निदान वर्ष तरी जाईल. अडुसष्ट साली वाचवलेलं वर्ष असं परत द्यावं लागेल, आणि ते तिला द्यावं लागेल, मला नाही. म्हणून गप्प राहावंसं वाटतं. पण तिच्या नावावर मी एकदा ठरवलं, तेवढं पुरे. ती बावीस वर्षांची आहे. पुढे काय लिहून द्यायचं ते तिने ठरवावं.

ती तुझ्याकडे आली तर तुला आठवतं ते सगळं सांग. किती वाजता झाली, पाऊस होता का, पहिल्यांदा कुणी उचललं. मला नुसती तारीख माहीत आहे.

दाजींना नमस्कार. ते मुंबईला कशासाठी गेले होते, ते कळवू नकोस. तो प्रश्न मी विचारायला नको होता.

तू उत्तर दिलं नाहीस तरी मी कारण शोधत बसणार नाही.

ज्याला तू रागावायला हवं होतंस, असा तुझा भाऊ,
निवृत्ती

ता.क. आजच्या रोजनिशीत लिहिलं आहे : उद्या विशाखाला तिची खरी जन्मतारीख सांगणे.