एकदा की दोनदा

शिवाजीनगर, बेंगळुरू
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

प्रिय दत्ताअण्णा,

नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल, असं इथे लिहायची पद्धत आहे. ती बरी आहे की नाही हे मला माहीत नाही, कारण इतक्या वर्षांत मी विचारलेलंच नाही.

तुझं पत्र गेल्या पावसाळ्यात मिळालं. तुरुंगात तू लिहायला शिकलास, हे मला त्या पत्रावरूनच कळलं. माझ्या नावातला ग्य तू खोडून खोडून लिहिला होतास. आपल्या घरात माझ्यानंतर अक्षर ओळखणारा तू दुसरा. मी उत्तर दिलं नाही. आज देते आहे. तुला वाचायला जड जाऊ नये म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते. तुझ्याआधी तिथले साहेब हे वाचतील, हेही मला माहीत आहे.

आई बरी आहे. गुडघे धरलेत, तरी शेळ्यांमागे जाते. फोनवर माझ्याशी शेळ्यांबद्दलच बोलते.

मी काय काम करते ते तुला कुणी सांगितलं नसेल. मी एका संस्थेत आहे. आनेकलच्या पुढे गिरीराज म्हणून एक शेतकरी आहेत, त्यांच्या रागीच्या, म्हणजे आपल्या नाचणीच्या, शेतात आमचा प्रयोग चालतो. ते पोत्यातलं खत घालत नाहीत, फवारणी करत नाहीत. शेण, गोमूत्र, गूळ, हरभऱ्याचं पीठ आणि बांधावरची मूठभर माती ड्रममध्ये ढवळून आंबवतात आणि ते जमिनीला देतात. त्याला जीवामृत म्हणतात. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात आणि ते पीक वाढवतात, असं सांगतात. तसं खरंच होतं का, ते बघायचं माझं काम.

त्यासाठी मी दोन ड्रम ठेवले. निळ्यात जीवामृत जसंच्या तसं. पिवळ्यात तेच, पण उकळून गार केलेलं. वास तोच, रंग तोच, आतले जीव मात्र मेलेले. काही वाफ्यांना निळ्यातलं, काहींना पिवळ्यातलं, काहींना नुसतं पाणी. कुठल्या ड्रममध्ये काय, हे फक्त मला माहीत. वाफ्यांना घालणाऱ्या गंगव्वाला नाही, गिरीराजांनाही नाही. ज्याला माहीत असतं तो लाडक्या वाफ्याला नकळत ओंजळभर जास्त घालतो.

गाळायला चिकपेटच्या कापडबाजारातून मांजरपाट आणायची. उकळायचं काम गोठ्यामागे मी एकटी करायची. पहिल्यांदा फेस वर आला तेव्हा मला कसंतरी झालं. एवढे जीव आपण मारतोय, असं वाटलं. तू हसशील. घरी कोंबडी कापायच्या वेळी मी ओढ्यावर पळून जायची, आणि तू मला शोधायला यायचास.

पीक कापणीला आलं. निळ्याची आणि पिवळ्याची रागी सारखीच उंच, कणसं सारखीच भरलेली. नुसत्या पाण्याची खुरटी. म्हणजे त्या शेतात, या वर्षीच्या पावसात, पिकाला शेणागुळाचा आधार झाला. आतले जीव जिवंत की मेलेले, याने फरक पडला नाही. याहून जास्त मला म्हणता येत नाही. दुसऱ्या शेतात वेगळं दिसू शकेल. पण गिरीराज त्याच जिवांचं विरजण बाटल्यांत भरून आसपासच्या गावांत विकतात.

मग शेतावर थोडी गडबड झाली. गिरीराज दवाखान्यात आहेत.

इथे थंडी पडायला लागली आहे. माझ्या खोलीखाली एका लोहाराचं दुकान आहे, तो दिवसभर ठोकत असतो. आज रविवार म्हणून शांत आहे. तर तो आवाज नाही म्हणून मला बसवत नाही.

अण्णा, मी वर 'थोडी गडबड' लिहिलं. ते खोडत नाही, पण ते खरं नाही.

गेल्या सोमवारी सकाळी गिरीराज शेतावर आले. मी लोखंडी नळीने मातीचे नमुने काढत होते. कमरेएवढी नळी असते, वर धरायला आडवा दांडा. त्यांनी विचारलं, "मेलेला ड्रम कुठला होता, अम्मा?"

म्हटलं, "पिवळा."

"आणि पीक?"

"सारखं आहे, सर."

त्यांनी रागीचं एक कणीस हातात चुरडलं. मग म्हणाले, "तुमचं चुकलं नाही. हिचं चुकलं." आणि गंगव्वाकडे बोट केलं. "हिने ड्रम बदलले. हिला अक्षर येत नाही, रंग तरी कळतो काय?"

गंगव्वा अथणीकडची, माझ्याशी मराठीत बोलते. पण ती त्यांना कन्नडमध्येच म्हणाली, "निळा गौरीच्या लुगड्याचा, पिवळा हळदीचा. मला कळतंय, स्वामी. एकदाही चुकले नाही."

त्यांनी ड्रम ढवळायचा दांडा उचलला आणि तिच्या पाठीत घातला. ती ड्रमवर पडली, ड्रम उलटला, सगळं जीवामृत तिच्या अंगावर. ती शेणात लोळत होती आणि ते मारत होते. "म्हण, बदलले म्हण." खांद्यावर. "म्हण." पोटऱ्यांवर. ती म्हणत होती, "नाही बदलले." दांड्याचा आवाज अंगात बसल्यावर कसा होतो ते तुला सांगायला नको. तिचं मनगट मोडलेलं मी ऐकलं. तरी ती "नाही बदलले" म्हणतच होती.

मी नळी दोन्ही हातांनी धरून त्यांच्या खांद्यावर मारली.

ते पडले. दांडा सुटला. गंगव्वा वाचली.

आता ते दवाखान्यात आहेत. जबडा तारेने बांधलाय, एक डोळा गेला. बोलता येत नाही. गंगव्वाने त्याच दिवशी पोलिसांना सांगून टाकलं, "घसरले, पंपाच्या लोखंडावर पडले." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मार खाताना जी खोटं बोलली नाही, ती माझ्यासाठी बोलली. आणि मी तिच्या शेजारी उभी होते, गप्प.

गिरीराजांचा भाऊ शिवकुमार. त्याला ते पटलं नाही. पंपावर पडून माणसाचं तोंड असं होत नाही, हे कुणालाही कळतं. त्याला वाटलं, हे गंगव्वाच्या नवऱ्याचं काम. परवा त्याने आणि त्याच्या माणसांनी तिच्या नवऱ्याला, मंजुनाथला, आनेकलच्या बसस्टँडमागे धरलं. हात दगडावर ठेवून दुसऱ्या दगडाने बोटं ठेचली. उजव्या हाताची सगळी. लोक बसची वाट बघत उभे होते. मंजुनाथला खरं माहीत होतं, गंगव्वाने त्याला सांगितलं होतं. त्याने माझं नाव घेतलं नाही.

काल गंगव्वा प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून माझ्या खोलीवर आली. मी तिला म्हटलं, मी पोलिसांकडे जाते.

"कशाला जाताय? आमची हाडं मोडली, जुळतील. तुमची नोकरी गेली तर कोण देणार?"

"मंजुनाथची बोटं माझ्यामुळे गेली."

"शिवकुमारामुळं गेली. तुम्ही सगळं आपल्याच डोक्यावर घेऊ नका. लई शिकलं की असं होतं काय, अक्का?" आणि हसली. हसताना तिची पाठ दुखली, तेही दिसलं.

आमचे साहेब विद्याधर सर पुण्याचे. चांगले आहेत. मी त्यांना फोन केला. मग त्यांनी एका वकीलबाईंशी गाठ घालून दिली. बाईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "घाबरू नकोस. बाईला वाचवायला तू एकदा मारलंस. एकच. तो तोल जाऊन पंपावर आपटला, तोंडाचं ते त्याने झालं. एक फटका कोर्ट समजून घेतं. गंगव्वाही तसंच सांगेल."

सर म्हणाले, "आणि भाग्यलक्ष्मी, प्रयोगाचाही विचार कर. मारणाऱ्या मुलीचे आकडे कोण खरे मानणार?"

म्हणजे उद्या जबाबात मी एकदा म्हणायचं आहे.

अण्णा, मला कोर्टातला तो दिवस आठवतो. मी नववीत होते. कृष्णाजीकाका बांधावर आईला बैलांच्या पराणीने मारत होते आणि तू खोरं घेऊन धावलास, एवढं सगळ्यांनी सांगितलं होतं. किती वेळा मारलं, असं विचारल्यावर सगळ्यांनी एकदा म्हटलं होतं. आईने माझी वेणी घालताना मला पढवलं होतं, एकदा म्हण. मी उभी राहिले आणि म्हटलं, दोनदा. दुसरा फटका, काका खाली पडल्यावर. तू माझ्याकडे बघितलंस. न्यायाधीशांनी तुला विचारलं, तो पडलेला तुला दिसत होता का? तू काहीच बोलला नाहीस.

घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "शाळेत घातली, ती मोजायला शिकली."

मला कधी पश्चात्ताप झाला नाही. जे दिसलं ते सांगितलं. मी त्याच्यावर मोठी झाले, त्याच्यावर पदवी घेतली. पण तुझ्याबद्दल मी मनात एक ठरवून ठेवलं होतं. पहिला फटका माझ्या भावाचा, दुसरा कुणा दुसऱ्या माणसाचा, जो माझ्या ओळखीचा नाही. त्या माणसाला मी पत्र लिहीत नव्हते.

गिरीराज खांद्यावर बसलेल्या फटक्याने पडले. पंप तिथून लांब होता. ते उताणे पडले, दांडा दूर गेला, एक हात तोंडावर धरला. "अम्मा" म्हणाले. मला म्हणाले की आईला हाक मारली, माहीत नाही. गंगव्वा सरपटत बाजूला झाली होती. वाचवायचं कुणी उरलं नव्हतं.

मी नळी पुन्हा उचलली. डोक्यावरून मागे नेली आणि त्यांच्या तोंडावर घातली. हाताला आतलं मोडलेलं कळलं. नळीत अडकलेली पिवळ्या वाफ्यातली माती सुटून त्यांच्या शर्टावर पडली, अख्खी, गोल, कांडीसारखी. ती मी बघत राहिले.

न्यायाधीशांनी तुला जे विचारलं होतं, त्याचं उत्तर मी माझ्यापुरतं देते. मला दिसत होतं. ते पडलेत, हे मला स्वच्छ दिसत होतं. रागाने डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणतात, तसं काही झालं नाही. इतकं स्पष्ट मी आयुष्यात काही बघितलं नव्हतं. आणि मला मारायचं होतं.

उद्या मी दोनदा म्हणणार आहे. एकदा म्हटलं तर मी कदाचित सुटेन. मग तू आत कशासाठी बसलास, ते मला कुणालाच सांगता येणार नाही. गंगव्वाला मी आज सांगितलं. ती रडली नाही, माझ्या डोक्यावरून डाव्या हाताने बोटं फिरवून कानशिलावर मोडली. मंजुनाथच्या बोटांचंही सांगणार आहे, शिवकुमारचं नाव घेऊन. प्रयोगाचे आकडे सरांकडे आहेत. ते खरे आहेत. कुणी मानोत न मानोत, पिवळी रागी निळीएवढीच आली होती.

हे पत्र मी चौकीवर जायच्या आधी पेटीत टाकणार. म्हणजे आयत्या वेळी माझी जीभ फिरली, तरी तुझ्याकडे आलेलं फिरणार नाही. तिथल्या साहेबांना माझी विनंती आहे, यातली एकही ओळ काळी करू नये.

आईला मी अजून सांगितलेलं नाही. माझं काही झालं तर तू तिला लिही. शेजारचं कुणीतरी वाचून दाखवेल. तिला सांग, भाग्याने या वेळीही मोजलं.

तू मला क्षमा कर असं मी लिहीत नाही, आणि मी तुला केली असंही नाही. फक्त तुला पत्र लिहायला मला नऊ वर्षं आणि दोन फटके लागले.

तुझ्याच हाताची,
भाग्या