उद्याचा दंड आजच

लाऊ बेटं, रविवार

बाबा,

तुम्हा दोघांना विलिमाइनाचा नमस्कार. मी ठीक आहे. घरमालकीण रोज कसावा उकडते, त्यामुळे जेवणाचे हाल नाहीत. आईचा गुडघा कसा आहे?

इथलं मासे मोजायचं काम लवकर आटोपलं. मासेमारीला बंदी घालून राखलेल्या खडकावर आता मोजण्याजोगं फारसं उरलेलं नाही. पूर्वी बंदी मोडणाऱ्याला आपल्या गावासारखंच मानाचं पेय करायला यंगोनाची मुळं घेऊन सगळ्या गावापुढे माफी मागायला बसावं लागे. गेल्या वर्षी आमच्या मत्स्यखात्याने त्याऐवजी वीस डॉलर दंड ठेवला.

काल इसिकेली नावाचा मासेमार माझ्याकडे आला. "ताई, हे चाळीस घ्या. आजचे आणि उद्याचे."

मी म्हटलं, "उद्या तरी जाऊ नका."

"वा! पैसे भरतोय की. फुकट मागतोय का?" तो हसत म्हणाला.

खडकाची राखण करणारे म्हातारबुवा शेजारीच बसले होते. हल्ली ते किनाऱ्यावर जात नाहीत.

शुक्रवारी आमचे साहेब हाच नियम घेऊन आपल्या गावात येतील आणि गावप्रमुख म्हणून तुमची सही मागतील. त्यांना पोटभर जेवू घाला, पण सही करू नका. कोणी सांगितलं असं विचारलं, तर माझं नाव सांगा.

आपला धाकटा आपेनिसा चोरून आपल्या गावच्या राखलेल्या खडकावर जातो, हे मला ठाऊक आहे. सापडला तर त्यालाही मुळं घेऊन सगळ्यांपुढे बसवा. आई रडेल. तरी बसवा.

तुमची मुलगी,
विलिमाइना