घासलेलं घुबड

ता. ७ नोव्हेंबर
आणि दादाचं परत तेच. पुण्याला जाऊन फरशीच पुसायची होती तर पेडगावात काय फरशा नव्हत्या, म्हणं. विहिरीवरची मोटार जळाली ती काय माझ्यामुळं? हरभरा वाळायलाय, सहा हजार पाठव म्हणतो. पगार झाला की पाठवतो म्हणलं, तर फोनच ठेवला. पुसतो फरशी. पण विद्यापीठाच्या म्युझियमची. त्याला सांगून उपयोग न्हाई.

ता. ९
नाण्यांचं बघणाऱ्या मॅडमनी ट्रे कपाटातून काढलेत. ग्रीस देशाची, चांदीची, दोन हजार वर्षांच्या वरची. सोमवारी बाहेरदेशचे पाहुणे येणार. एका नाण्यावर घुबड. म्हणलं, मॅडम, आमच्याकडं ह्याचं तोंड बघत न्हाईत. हसल्या. त्यांच्या देवीचा पक्षी आहे म्हणल्या. पार काळं पडलंय बिचारं. सगळ्यात जास्त तेच.

ता. १०
मॅडम मीटिंगला. टेबल पुसून घे, ट्रेला हात लावू नको, असं सांगून गेल्या. सोपानकाका तेवढ्यात चहाला. (आमच्याकडचेच, येलदरीचे, इथं वॉचमन. त्यांच्याच शब्दावर मला घेतलं.) दिवाळीला आई पायातल्या चांदीच्या तोरड्या राखेनं घासते. राख कुठली इथं? पिशवीत दात घासायची पावडर होती, डब्यात लिंबाची फोड. दहा मिनिटं घासलं. काय चमकलं! घुबडाचे डोळे उघडल्यावानी. धुवून, पुसून जाग्यावर ठेवलं. पाहुण्यांपुढं मॅडमची शोभा राहील. कुणाला सांगितलं न्हाई. आपोआप दिसंलच की.

ता. १२
दिसलं. पाहुणे यायच्या आधी मॅडमनी ट्रे उघडला आन् खुर्चीत बसल्या. काट्यावर ठेवलं, नोंदीपेक्षा जरा कमी भरलं. मोठ्या साहेबांना हळूच म्हणल्या, "हे आपलं नाही. कुणीतरी बदललंय."
साहेबांनी विचारलं, शनिवारी खोलीची किल्ली कुणाकडं होती. सोपानकाकांकडं.
मी दारात पोछा धरून उभा. तसाच मागं सरलो, जिना पुसायला गेलो.

ता. १३
काका दिवसभर ऑफिसबाहेर बाकावर. कँटीनचं पोरगं म्हणालं, काय काका, येलदरीत बंगला बांधायलाव का? एरवी काकांनी त्याला चार ऐकवल्या असत्या. आज भरलेला कप तसाच परत दिला. रिटायरला दोन वर्षं राहिलीत त्यांची.
उद्या काकांना पोलिसात देणार म्हणं.
निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू भिऊ नको. पोरगं नुसतं टेबल पुसायलं होतं, असं सांगितलंय मी."


ता. १४
सकाळी साहेब यायच्या आधी जाऊन उभा राहिलो. पावडरीची डबी टेबलावर ठेवली, सगळं सांगितलं. मॅडम डबीकडंच बघायल्या.
साहेब म्हणाले, "दोघं परभणीकडचेच ना?" म्हणजे मी काकाला वाचवायला खोटं बोलायलोय. हे तर डोक्यातच आलं नव्हतं.
मॅडमनी जुना फोटो काढला. घुबडाच्या पायाशी एक खाच हाय, ती भिंगातून बघितली. परत बघितली. "तीच वाटतेय," म्हणल्या. मग मला म्हणल्या, "काळेपणा होता म्हणून ते नाणं खरं आहे हे कळत होतं रे. आता मलाच सांगता येईना."
मुंबईचे जाणकार येऊन सांगतील. तवर पोलिसात न्हाई, पण आमी दोघं कामावर बी न्हाई.
काका बाहेर एवढंच म्हणाले, "परवाच बोलला असतास तर." मग बाकावर सरकून जागा दिली. मला बसवंना.

ता. १७
जाणकार आले न्हाईत. आमच्या सफाईच्या ठेकेदारानं झालेल्या दिवसांचे पैसे हातावर ठेवले. काका रूमवर येतात, चहा घेतात, नाण्याचं काढत न्हाईत.
दादाला सगळं सांगितलं. हसंल वाटलं होतं. हसला न्हाई. मग म्हणाला, "काकाचं नीट होऊस्तर तिथून हलू नको. मोटारीचं बघतो मी."
खोलीभाडं अन् खानावळीपुरतं ठेवलं. तरी दादाला पाठवले, रु. २,३५०.